रंगाला सुरकुती पडेपर्यंत थांबायचं

हॉट एअर गन, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र, मी घेतली ती मोटरसायकलच्या वायरिंगसाठी. इंडिकेटरच्या वायरी हँडलपाशी वाकून वाकून आतून तुटल्या होत्या. पाच सांधे झाळायचे होते आणि प्रत्येकावर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आकसून घट्ट बसणारी प्लास्टिकची नळी, चढवायची होती. तोवर हे काम मी लायटरनं करायचो. पण ज्योतीनं स्लीव्हची एक बाजू काळी पडायची, मागची सैल राहायची आणि शेजारच्या वायरीला चटका बसायचा तो वेगळाच. गरम हवा सगळीकडून सारखी लागेल, एवढाच माझा हिशेब होता.

पहिल्याच सांध्यावर तो हिशेब चुकला. गन सर्वांत वरच्या टप्प्यावर लावली आणि नोझल अगदी जवळ धरलं. स्लीव्ह दोन सेकंदांत छान आवळली, पण तिच्या दोन्ही बाजूंना वायरीचं आवरण मऊ होऊन तांब्यावरून सरकलं. नंतर बघितलं तेव्हा कारण लक्षात आलं. साध्या वायरीचं पीव्हीसी आवरण कायम वापरासाठी बहुधा ७० अंशांपर्यंतचं असतं. नेहमीची काळी पॉलिओलेफिनची स्लीव्ह मात्र ९० अंशांच्या आसपास आकसायला लागते आणि १२० च्या जवळपास पुरती बसते. म्हणजे जी वस्तू तापवायची ती कडक आणि जिला वाचवायचं ती नाजूक. हे कामच असं आहे की गरम हवा मोजून आणि चटकन द्यायची, मग लगेच बाजूला व्हायचं.

दुसऱ्या सांध्यापासून मी टप्पा खाली आणला, नोझल चार बोटं लांब धरलं आणि हवा स्लीव्हच्या मधोमध सुरू करून कडांकडे नेली. मधून सुरुवात केली की आतली हवा दोन्ही तोंडांनी बाहेर पडते. कडा आधी आवळल्या तर ती आतच कोंडते आणि मध्ये फुगा राहतो. स्लीव्ह बसताना बघण्यासारखी असते. आधी तिच्या अंगावरची मंद चमक जाते, मग सांध्याचा आकार हळूहळू वर उमटायला लागतो, वायरीचा प्रत्येक उंचवटा दिसतो, आणि सगळीकडे तो सारखा दिसला की काम झालं. त्यापुढे हवा दिली तर ती पुन्हा चकाकायला लागते, कडक होते आणि नंतर वायर वाकवली की चिरते. आतून गोंद असलेल्या स्लीव्हला तर स्वतःचीच खूण असते. दोन्ही तोंडांशी गोंदाची बारीक पारदर्शक कड बाहेर डोकावते. ती दिसली की थांबायचं. पाऊस-पाणी लागणाऱ्या जागी मी आता हीच वापरतो.

स्लीव्ह आकसते का, हे समजल्यावर मला तिच्याबद्दल वेगळंच प्रेम वाटायला लागलं. कारखान्यात ही नळी आधी बारीक बनवतात, तिच्या प्लास्टिकच्या साखळ्या एकमेकींत गुंफून घेतात, मग तापवून फुगवतात आणि फुगलेली असतानाच गार करतात. ती तशीच अडकून राहते. आपण ऊब दिली की ती मूळच्या मापाला परत जाते. म्हणून पाकिटावर २:१ लिहिलेलं असतं, म्हणजे ६ मिलिमीटरची नळी ३ वर येते. सांधा त्या दोन मापांच्या मध्ये कुठेतरी बसायला हवा, नाहीतर कितीही हवा मारली तरी ती सैलच राहणार. आणि झाळायच्या आधी ती वायरीत ओवून लांब सरकवून ठेवायची. पाचांपैकी एका सांध्यावर मी हे विसरलो आणि चांगला झाळलेला सांधा पुन्हा सोडवावा लागला.

या वायरींमुळे माझा गनच्या आकड्यांवरचा भरवसा उडाला. माझ्या गनवर ५० ते ६०० अंश असा काटा आहे. पण तो आकडा नोझलच्या तोंडाशी असलेल्या हवेचा असतो, वस्तूचा नव्हे. मल्टिमीटरला तापमान मोजायची तार जोडून एका संध्याकाळी मी तो फरक बघितला. तोंडाशी जवळपास सांगितलेला आकडा यायचा, वीतभर मागे गेलं की निम्म्याच्याही खाली. पंख्याचा वारा चालू असेल तर आणखी कमी. लाकडासारखी वस्तू वरून पटकन तापते आणि आत गारच राहते. ॲल्युमिनियमचा जाड तुकडा मात्र बराच वेळ गारच वाटतो, कारण वरची उष्णता तो आत ओढून घेत असतो. त्यामुळे अमुक कामाला अमुक अंश, अशा तक्त्याचा उपयोग सुरुवात करण्यापुरता. पुढचं सगळं वस्तूकडे बघून ठरवायचं.

याची खरी परीक्षा खिडक्यांनी घेतली. घरातल्या दोन जुन्या लाकडी खिडक्या, म्हणजे चार झडपा. त्यांवर वर्षानुवर्षं ऑइलपेंटचे थर चढत गेले होते. रंग इतका जाड झाला होता की झडपा चौकटीत बसेनात, बिजागरीचे स्क्रू रंगाखाली गडप झालेले, आणि कडांना पोपडे. सँडपेपरनं हे काम होणारं नव्हतं. पेपर दोन मिनिटांत रंगानं भरून जायचा.

गन लावायच्या आधी मी एक गोष्ट केली आणि ती प्रत्येकानं करावी असं मला मनापासून वाटतं. रंगात शिसं आहे का, ते तपासलं. जुन्या रंगांमध्ये शिशाची संयुगं सर्रास घालत. अमेरिकेत घरगुती रंगांत ती घालायला १९७८ मध्ये बंदी आली, कित्येक देशांत त्याहून उशिरा. शिसं असलेला रंग तापवला, खरवडला की त्याची धूळ आणि धूर अंगात जातो, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम कायमचा राहतो. तपासणीच्या कांड्या मिळतात. रंगाला सगळ्या थरांतून तिरपा छेद द्यायचा आणि कांडी त्या छेदावर घासायची, कारण शिसं बहुधा खालच्या, जुन्या थरांत असतं. माझ्या खिडक्यांवर ते निघालं नाही. निघालं असतं तर मी गन बाजूला ठेवली असती आणि झडपा जाणत्या माणसाकडे दिल्या असत्या. आणि हो, धुळीसाठी असलेला साधा मास्क रंगाचा धूर अडवत नाही. त्याला वाफ अडवणाऱ्या डब्या लागतात. मी झडपा काढून मोकळ्या हवेत नेल्या, तरीही तसा मास्क लावला.

पहिली झडप लाकडी घोड्यांवर (सुतारकामाच्या तिवयांवर) आडवी टाकली. काटा ४०० वर, चपटं रुंद नोझल, उजव्या हातात गन आणि डाव्या हातात स्क्रॅपर. हे उलट सोपं वाटेल, पण खरवडणारा हातच थकतो, म्हणून मी अधूनमधून हात बदलत होतो. पहिला अर्धा तास माझं काहीच जमत नव्हतं. रंग जरा मऊ वाटला की मी स्क्रॅपर घालायचो. वरचा थर निघायचा, खालचे तसेच. मग पुन्हा तापवायचं. तोवर निघालेला भाग करपून तपकिरी व्हायचा आणि उरलेला रंग डांबरासारखा चिकट होऊन पात्याला धरून बसायचा.

शेजारचे सुतारकाका येता-जाता बघत होते. शेवटी थांबले.

"अरे, इतकी कसली घाई? तू ओढून काढतोयस. त्याला सुटू दे की."

"काका, तापवतोय की. सुटत नाहीये."

"तापवतोस खरं, पण थांबत कुठे आहेस? सुरकुती पडू दे. फोड येऊ देत. फोडाला पातं लावायचं, रंगाला नाही."

त्यांनी गन घेतली, वीतभर लांबीच्या पट्ट्यावर सावकाश पुढे-मागे फिरवली आणि स्क्रॅपर हातात असूनही खाली ठेवलं. मला ते दहा-बारा सेकंद फार लांब वाटले. आधी रंगाची चकाकी गेली. मग त्यावर बारीक सुरकुत्या धरल्या, दुधावरच्या सायीसारख्या. मग एके ठिकाणी फोड आला, त्याच्या शेजारी दुसरा, आणि मग सगळा पट्टा एकदम उचलल्यासारखा फुगला. काकांनी नोझल वीतभर पुढे सरकवलं आणि मागच्या मागे स्क्रॅपर लाकडाला जवळजवळ आडवं लावून सारलं. पाच-सहा थरांची एकसंध पट्टी वळत वळत निघाली. तिच्या कडेला निळा, पांढरा, करडा, पोपटी असे थर एकावर एक दिसत होते. खाली कोरं लाकूड, कुठेही न करपलेलं.

त्यातलं मर्म असं की उष्णतेला सगळ्या थरांतून लाकडापर्यंत पोचायला वेळ लागतो. घाईनं काटा वर नेला तर वरचा थर जळतो आणि खालचा गारच राहतो. काटा मध्यम ठेवून हात सावकाश फिरवला तर सगळे थर एकदम पकड सोडतात. नोझल पुढच्या भागाला तापवत असताना पातं मागच्या भागात चालतं, आणि दोघांमधलं अंतर तेवढंच ठेवायचं. अंतर वाढलं तर रंग गार होऊन पुन्हा चिकटतो. ही लय हाताला यायला मला अख्खी पहिली झडप लागली. दुसरी झडप तिच्या निम्म्या वेळात झाली.

पातं मात्र हवं तसं मिळेना. धारदार पातं मऊ लाकडात रुतायचं. शेवटी मी त्याचे दोन्ही कोपरे कानशीनं गोल केले, मग ओरखडे थांबले. नक्षीच्या खाचांसाठी एका जुन्या चमच्याचा दांडा घासून घेतला. खाचेतला रंग काढताना कडा पटकन करपतात, कारण तिथं लाकूड पातळ आणि हवा दोन्ही अंगांनी लागते. तिथं मी काटा ३०० वर आणायचो आणि जास्त वेळ थांबायचो. प्रायमरचा जो भाग लाकडाच्या रेषांत मुरलेला असतो तो उष्णतेनं निघतच नाही, त्याच्या मागे लागायचं नाही. तो शेवटी सँडपेपरनं घ्यायचा. चुना किंवा सिमेंटचा रंगही गरम हवेला दाद देत नाही, कारण त्यात वितळणारं काही नसतंच. जुनं लाखेचं पॉलिश उलट इतक्या लवकर मऊ होतं की त्याचा नुसता चिकट लगदा होतो. त्याला स्पिरिट बरं.

झडपांच्या काचांबद्दल लिहिताना अजूनही वाईट वाटतं. एका तावदानाची काच जुनी, किंचित लहरी असलेली होती. तिच्यातून बाहेरचं झाड हलल्यासारखं दिसायचं. काचेच्या कडेची लांबी, म्हणजे काच पक्की बसवायला लावलेला लगदा, दगडासारखी कडक झाली होती आणि ती मऊ करून काढायची होती. गरम हवेनं लांबी छान मऊ होते, हे खरं. पण मी काचेला आडोसा केला नाही. दोन मिनिटांनी अगदी बारीक "टक्" असा आवाज आला आणि कोपऱ्यातून एक रेघ काचेच्या मध्यापर्यंत धावत गेली. मी गन तशीच धरून बघत राहिलो. काचेत उष्णता सावकाश पसरते. तापलेला भाग वाढू बघतो, लांबीखाली दबलेली गार कड त्याला वाढू देत नाही, आणि ताण कडेवर येतो. साध्या काचेत शेजारशेजारच्या दोन भागांत चाळीसेक अंशांचा फरक पडला तरी तडा जाऊ शकतो. आणि जुन्या काचेच्या कडेला कापताना पडलेले सूक्ष्म चिरे असतातच, तडा तिथूनच सुरू होतो.

त्यानंतरच्या तावदानांना मी काचेवर जाड पुठ्ठा, त्यावर ॲल्युमिनियमची फॉइल असा आडोसा केला, आणि हवा एका बाजूला वळवणारं काचेसाठीचं नोझल लावलं. हवा लाकडाकडे तोंड करून द्यायची, काचेकडे पाठ. एका जागी एकदम न तापवता सगळी कड फिरून फिरून कोमट करत न्यायची. पुढच्या सात काचा शाबूत निघाल्या. ती लहरी काच मात्र गेली, आणि तशी आता मिळत नाही.

काचेपेक्षा मोठी चूक चौकटीवर झाली. झडपा उतरवल्या होत्या, पण चौकट भिंतीतच होती. संध्याकाळी मी तिचा खालचा आडवा भाग खरवडला, पोपडे गोळा केले, गन गार केली आणि जेवायला गेलो. जवळपास दोन तासांनी मला धुराचा वास आला. खोलीत काहीच दिसत नव्हतं. टॉर्च मारला तर चौकट आणि भिंत यांच्यातल्या फटीतून धुराचा एक सरळ धागा वर जात होता. ज्वाळा नव्हती. फटीत वर्षानुवर्षांची धूळ, लाकडाचा भुसा, कुठल्याशा पाखरानं नेलेल्या काड्या होत्या. माझ्या गनची हवा फटीतून आत शिरली होती, तिथं एक ठिणगीएवढा निखारा धरला होता, आणि तो दोन तास आतल्या आत धुमसत होता. फटीत पाणी ओतलं, चुर्र आवाज आला, पुन्हा ओतलं. त्या रात्री मी खिडकीशेजारीच झोपलो आणि दर तासाला उठून चौकटीवर हात ठेवला.

कागद साधारण २३० अंशांच्या आसपास पेट घेतो, आणि माझी गन ४०० ची हवा सोडत होती. ज्योत दिसत नाही म्हणून आग नाही, असं माझ्या मनानं धरलं होतं. हा या यंत्राचा सर्वांत मोठा धोका आहे आणि मी तो कळकळीनं सांगतो. ज्योतीला माणूस घाबरतो, हवेला घाबरत नाही. आता भिंतीतली लाकडी वस्तू असेल तर मी आधी फट धातूच्या पट्टीनं आणि ओल्या फडक्यानं बंद करतो, पाण्याची बादली हाताशी ठेवतो आणि काम संपल्यावर निदान तासभर जागेवरून हलत नाही. संध्याकाळी तर असं काम सुरूच करत नाही.

खिडक्यांच्या मधल्या काळातच मोटरसायकलच्या मागच्या चाकाची बेअरिंग गेली. चाक हातानं फिरवलं की आतून करकर यायची. बेअरिंग ६३०२ नंबरची होती, म्हणजे १५ मिलिमीटरचं भोक, ४२ चा बाहेरचा व्यास, १३ रुंदी. ती ॲल्युमिनियमच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, दाबून बसवलेली असते. याआधी एकदा पुढच्या चाकाची मी हातोड्यानं ठोकून काढली होती आणि हबच्या आत ओरखडे पाडून ठेवले होते. या वेळी गन होती.

यातला हिशेब मला फार आवडतो. ॲल्युमिनियम दर अंशाला पोलादाच्या जवळपास दुप्पट वाढतं. ४२ मिलिमीटरचं भोक ९० अंशांनी तापवलं तर ते सुमारे ०.०९ मिलिमीटरनं मोठं होतं. दाबून बसवलेल्या बेअरिंगची पकड असते दोन-तीन शतांश मिलिमीटरची. म्हणजे हब नीट तापला तर पकडच उरत नाही. फक्त हब तापायला हवा, बेअरिंग नाही. म्हणून हवा हबच्या बाहेरच्या अंगाला, गोल गोल फिरवत द्यायची.

ऑइल सील काढली, चाक दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवं ठेवलं आणि हवा द्यायला सुरुवात केली. ॲल्युमिनियमला सुरकुती पडत नाही, रंगही बदलत नाही. मग कळायचं कसं? मी बोट पाण्यात बुडवून एक थेंब हबवर टाकत होतो. पहिल्या तीन-चार मिनिटांत थेंब नुसता पसरायचा. मग कडेनं बारीक बुडबुडे धरायला लागला. आठेक मिनिटांनी थेंब पडताक्षणी चुर्र करून उडाला. शंभरी ओलांडली. दुसऱ्या बाजूनं लोखंडी पहार आत घातली, दोन बेअरिंगांच्या मधली नळी जराशी बाजूला सरकवून बेअरिंगच्या आतल्या कडीवर टेकवली आणि हातोडीनं दोन हलके ठोके दिले. तिसऱ्याची गरजच पडली नाही. बेअरिंग खाली ठोकळ्यांमधल्या फडक्यावर पडली. पुढच्या चाकाच्या वेळी याच गोष्टीला अर्धा दिवस लागला होता.

नवीन बेअरिंग मी आदल्या रात्री प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये ठेवली होती. पिशवी नसेल तर बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरतं आणि तेच पाणी आत राहतं. हब पुन्हा थेंब उडेपर्यंत तापवला, बेअरिंग पिशवीतून काढली, दोन्ही हातांच्या चिमटीत सरळ धरली आणि सोडली. ती तिरकी बसली. अर्ध्यात अडकली, आणि मला घाम फुटला. हातोडी उचलली होती, पण ठोकली नाही. पुन्हा हबला हवा दिली, चाक उलटं केलं, आणि ती आपोआप खाली आली. दुसऱ्या प्रयत्नात जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी वरून ठेवून तिच्या आधारानं नवी समतल धरली. "टप्प" असा भरीव आवाज आला. पाच सेकंदांत हबनं तिला धरलं. नंतर मधली नळी आत ठेवली, मगच दुसऱ्या बाजूची बसवली. ही नळी विसरली तर सगळं पुन्हा उपसावं लागतं.

बेअरिंग शाफ्टवर चढवायची असेल तर गोष्ट उलटी होते. तिथं बेअरिंगच तापवावी लागते, आणि दोन्ही बाजूंनी बंद असलेली बेअरिंग ८० अंशांच्या वर न्यायची नसते. आतलं ग्रीस आणि सील खराब होतात. थेंब उडाला म्हणजे तिथं आपण फार पुढे गेलो.

गंजलेल्या नटालाही हीच युक्ती. नट तापवायचा, बोल्ट नाही. नट वाढतो, आट्यांमधला गंज मोडतो. शिवाय आट्यांना लावलेलं पक्कं लॉकिंगचं औषध अडीचशे अंशांच्या आसपास ढिलं पडतं, नाहीतर पाना फिरवताना बोल्टच पिळून तुटायचा. पण पेट्रोलच्या टाकीजवळ, कार्ब्युरेटरजवळ मी गन नेत नाही. आतल्या तारा लालभडक झालेल्या असतात आणि पेट्रोलच्या वाफेला तेवढं पुरतं.

कामाच्या टेबलाजवळचा भुसा ओढून नेणारा पीव्हीसी पाईप वाकवला, तो छान झाला. पाईपमध्ये कोरडी वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडं बंद केली, आणि वीतभर लांबून, पाईप सतत फिरवत हवा दिली. वाळूमुळे वळणावर पाईप चेपत नाही. तो स्वतःच्या वजनानं लवायला लागला की वाकवायचा, त्याआधी जोर लावायचा नाही. वाकवून ओल्या फडक्यानं गार होईपर्यंत तसाच धरला. एके ठिकाणी पाईप तपकिरी पडला आणि नाकाला झोंबणारा वास आला. पीव्हीसी जास्त तापलं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो, म्हणून तो तुकडा टाकून दिला. वाकवलेला पाईप दाबाच्या पाण्याला वापरायचा नाही, भिंत पातळ झालेली असते. गंमत म्हणजे तोच पाईप पुन्हा तापवला तर तो बराचसा सरळ होतो, स्लीव्हसारखाच.

डब्यांवरची लेबलं, जुने स्टिकर यांना तर कमीत कमी टप्पा पुरतो. कोपरा कोमट करायचा, उचलायचा आणि लेबल जवळजवळ पाठीवर दुमडून सावकाश ओढायचं. गोंद लेबलाबरोबर येतो. नॉनस्टिक भांड्यावरचं लेबल मात्र मी गननं काढत नाही. तो थर अति तापला तर त्याचा धूर वाईट असतो, घरात पाखरं असतील तर फारच वाईट.

गननं स्वतःबद्दलही एक गोष्ट शिकवली. माझी पहिली गन वर्षभरात बंद पडली ती माझ्यामुळे. काम झालं की बटण बंद करून लगेच खाली टाकायचो. हवा तापवणारी आतली नायक्रोमची तार तापलेली असताना मऊ आणि नाजूक असते, तिला धक्का बसला की तुटते. शिवाय पंखा एकदम बंद झाला की सगळी उष्णता आतच कोंडते. आता मी शेवटची दोन मिनिटं गार हवेच्या टप्प्यावर चालवतो, मग नोझल वर करून उभी ठेवतो. तरी नोझल पुढची वीस मिनिटं हात भाजण्याइतकं तापलेलं असतं आणि दिसायला अगदी गार दिसतं. हवा आत घ्यायच्या खिडक्या भुशानं भरू द्यायच्या नाहीत, आणि नोझल वस्तूला टेकवून हवा अडवायची नाही. वायरही जाड लागते. २००० वॅटची गन पातळ, गुंडाळलेल्या एक्स्टेन्शनवर लावली की गुंडाळी आतून तापते. मी ती पूर्ण उलगडतो.

चौथी झडप काल झाली. बिजागरीखालच्या जागेत, जिथं कधीच कुणी रंग खरवडला नव्हता, तिथं सगळे थर अखंड होते. मी काटा ३५० वर ठेवला आणि स्क्रॅपर खाली ठेवून थांबलो. चकाकी गेली, सुरकुती पडली, फोड आला. पट्टी एका झटक्यात निघाली. मग चौकटीच्या राहिलेल्या उभ्या भागाकडे वळलो, फटीत ओलं फडकं कोंबलं, दुपारी दोनला तो संपवला. गन गार हवेवर ठेवून उभी केली, बादली पायाशी घेतली आणि चौकटीला टेकून बसलो. दर दहा मिनिटांनी फटीशी नाक नेत होतो, लाकडावर तळहात ठेवत होतो. तीन वाजता लाकूड गार होतं. फडकं काढलं, फटीत टॉर्च मारला, काही दिसलं नाही. आणखी अर्धा तास बसलो.